समुद्रावरील पंचवीस तासांचा दिवस

समुद्रप्रवास म्हटला कीं आपल्याकडील जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढें कांहीं ठराविक चित्रें उभीं राहत: धक्क्यावर जमलेले आप्तेष्ट, गळ्यांतील हार, बायकांच्या डोळ्यांतील पाणी आणि परत आल्यावर करावयाचें प्रायश्चित्त. समुद्र हा ओलांडावयाचा असे. त्यावर मुक्काम करावयाचा नसे. विलायतेस विद्येसाठीं, आफ्रिकेस व्यापारासाठीं, अगर शिमग्या-गणपतीस कोंकणांत घरीं जाण्यासाठीं मनुष्य आगबोटींत बसे, आणि किनारा दिसूं लागला म्हणजे देवाचे आभार मानी. कोठें पोंचण्याची घाई नसतां, केवळ दिवस सुखांत घालवावा एवढ्याच हेतूनें कोणी बोटीचें तिकीट काढील, ही कल्पनाच त्या काळीं थट्टेची वाटली असती.

काळ बदलला. २०२३ या एका वर्षांत जगांतील तीन कोटींहून अधिक लोकांनीं अशा विहारनौकांतून प्रवास केला. या नौकांवरील दिवस दोन प्रकारचे असतात. एक बंदराचा दिवस. त्या दिवशीं नौका कोठें तरी धक्क्यास लागते, उतारू खालीं उतरतात, बाजार, देवळें, किल्ले पाहून दमून संध्याकाळीं परत येतात. दुसरा समुद्राचा दिवस. त्या दिवशीं चहूंकडे पाणी असतें आणि पाहण्यासारखें म्हणून कांहीं नसतें. अननुभवी माणसास हा दिवस कंटाळवाणा वाटेल. परंतु मुरलेले उतारू त्याचीच वाट पाहत असतात. तो रिकामा दिवस कसा घडतो, त्याच्या पाठीशीं कोणतें शास्त्र आणि कोणाचे कष्ट उभे असतात, हें समजून घेण्यासारखें आहे.

उदाहरणासाठीं ‘क्वीन मेरी २’ ही नौका घेणें सोयीचें आहे. फ्रान्समधील सँ-नझेर येथील गोदींत ती बांधली गेली. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनीं ८ जानेवारी २००४ रोजीं तिचें नामकरण केलें, व त्याच महिन्यांत ती पहिल्या सफरीस निघाली. तिची लांबी ३४५ मीटर आहे. उतारू सुमारें २,७०० व नोकर-खलाशी सुमारें १,२५० मावतील अशी तिची रचना आहे. म्हणजे चार हजार वस्तीचें एक गांवच पाण्यावर तरंगत असतें. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनहून अमेरिकेंतील न्यूयॉर्कपर्यंतचें सुमारें ३,१५० सागरी मैलांचें अंतर ती सात रात्रींत तोडते. विमान हाच प्रवास सात-आठ तासांत करतें. मध्यें एकहि बंदर नाहीं; म्हणून येथें समुद्राचे दिवस एकामागून एक, निर्भेळ असे मिळतात.

या विरंगुळ्याचा इतिहासहि मनोरंजक आहे. कूनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ ही पहिली आगबोट १८४० च्या जुलैंत लिव्हरपूलहून अमेरिकेस निघाली, तेव्हां उतारूंना दूध मिळावें म्हणून बोटीवर गाय ठेवीत. दीड वर्षानें, १८४२ च्या जानेवारींत, प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच बोटीनें गेला. त्याची खोली इतकी चिमुकली निघाली कीं पुढें आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें तिची भरपूर टवाळी केली. १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीनें थॅकरे या लेखकास भूमध्य समुद्रांतील फेरीसाठीं फुकट जागा दिली. त्यानें दोन वर्षांनीं त्या सफरीचें पुस्तक लिहिलें, आणि हौसेच्या समुद्रप्रवासाची ती पहिलीवहिली जाहिरातच ठरली. तथापि खरी सुरुवात १८९१ च्या जानेवारींत झाली. हॅम्बुर्गच्या कंपनीचा चालक आल्बर्ट बालीन यास असें आढळलें कीं हिवाळ्यांत अटलांटिकवर उतारूच मिळत नाहींत आणि मोठमोठ्या बोटी गोदींत पडून खर्च खातात. त्यानें ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्रांत सहलीस पाठविली. लोकांनीं त्याला वेड्यांत काढलें. परंतु बोट भरली. १९०० सालीं तर केवळ सहलीकरितांच बांधलेली ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ ही नौका पाण्यांत उतरली. पुढें १९५८ च्या ऑक्टोबरांत अटलांटिकवरून जेट विमानें उतारू नेऊं लागलीं, आणि कामासाठीं जाणाऱ्या माणसानें समुद्राकडे पाठ फिरविली. उरला तो हौसेनें जाणारा. वाहतूक म्हणून जो धंदा बुडाला, तोच विश्रांति म्हणून पुन्हां वर आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां त्या दिवसाकडे वळावें. पश्चिमेकडे जाणाऱ्या या बोटीवरील पहिलें नवल हें कीं तेथील दिवस पंचवीस तासांचा असतो. यांत जादू कांहीं नाहीं. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोंवतीं ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश. साउदॅम्प्टन व न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत सुमारें ७२ अंशांचें अंतर आहे, आणि म्हणून त्या दोन ठिकाणच्या घड्याळांत पांच तासांचा फरक पडतो. विमानाचा उतारू हे पांच तास एका झपाट्यांत ओलांडतो, व पुढें दोन-तीन दिवस त्याची झोंप व भूक जागेवर येत नाहीं. बोट मात्र ताशीं सुमारें वीस सागरी मैलांच्या गतीनें जाते. दिवसाकाठीं ती दहा-अकरा अंश पश्चिमेस सरकते, आणि सूर्य माथ्यावर येण्यास रोज पाऊण तासाच्या आसपास उशीर होतो. हा उशीर जुळविण्याकरितां प्रवासांतील पांच रात्रीं बोटीवरील सर्व घड्याळें एक-एक तास मागें घेतात. उतारू निजतो, आणि उठतो तेव्हां त्याच्या पदरांत एक तास फुकटचा पडलेला असतो. शरीराला न दुखवितां काळ बदलण्याची याहून सौम्य युक्ति मनुष्यास सांपडलेली नाहीं.

सकाळ होते ती बोटीच्या पोटांत. वर उजाडण्याच्या कितीतरी आधीं. भट्टीवाले रात्रभर जागून पाव भाजीत असतात. पहांटे डेकवरचें खारट दंव धुवून काढलें जातें, खुर्च्या पुसून ओळीनें मांडल्या जातात. मग पहिले फिरावयास जाणारे बाहेर पडतात. सातव्या मजल्यावर बोटीला सबंध वेढा घालणारा फळ्यांचा रस्ता आहे. त्याच्या तीन फेऱ्या केल्या कीं मैलाहून थोडें अधिक चालणें होतें. म्हातारीं जोडपीं हातांत हात घालून सावकाश चालतात, तरुण त्यांना मागें टाकून धांवतात. कुत्र्यांसाठींहि वेगळा अंगणवजा भाग आहे. २०१६ सालीं त्यांच्या पिंजऱ्यांची संख्या वाढवून २४ केली गेली. ब्रिटिश कुत्र्यास परकें वाटूं नये म्हणून तेथें इंग्लंडच्या रस्त्यावरला दिव्याचा खांब उभा केला आहे, आणि अमेरिकन कुत्र्यास न्यूयॉर्कच्या रस्त्यावरला आगीच्या बंबाचा नळ! न्याहारी झाली म्हणजे मंडळी पांगतात. कोणी कित्येक हजार पुस्तकांच्या ग्रंथालयांत शिरतो, कोणी व्याख्यानास बसतो, कोणी पत्ते मांडतो. नभोमंडळ दाखविणारें घुमटाकार तारागृहहि या बोटीवर आहे, आणि समुद्रावरील तसलें तें पहिलेंच. आणि पुष्कळसे लोक खुर्चींत पडून, मांडीवर उघडें पुस्तक ठेवून, त्यांतील एक ओळहि न वाचतां लाटांकडे पाहत राहतात. या अखेरच्या वर्गालाच दिवसाचा खरा उपभोग घडतो, असें जाणते म्हणतात.

बरोबर बारा वाजतां भोंगा वाजतो. या बोटीच्या भोंग्यांपैकीं एक हा १९३६ सालच्या मूळच्या ‘क्वीन मेरी’ बोटीचा आहे, आणि त्याचा आवाज दहा मैलांवर ऐकूं जातो. मग कप्तानाचा आवाज सर्व मजल्यांवर ऐकूं येतो. बोट कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे, खालीं समुद्र किती खोल आहे, वारा कोणत्या दिशेचा, पुढें हवा कशी राहील, हें तो सांगतो. दुपारीं बारालाच हें कां, याला कारण आहे. पूर्वीं भर समुद्रांत बोटीचें स्थान ठरविण्यासाठीं सेक्स्टंट नांवाच्या कोनमापकानें सूर्याची उंची मोजीत, आणि सूर्य माथ्याशीं आला म्हणजे त्यावरून अक्षांश निघे. रेखांशासाठीं मूळ बंदराची वेळ बिनचूक दाखविणारें घड्याळ बरोबर लागे. तसलें घड्याळ जॉन हॅरिसन नांवाच्या सुताराच्या मुलानें अठराव्या शतकांत आयुष्य वेंचून सिद्ध केलें, आणि १७६१ सालीं निघालेल्या वेस्ट इंडीजच्या सफरींत तें कसोटीस उतरलें. एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत बोट किती मैल गेली यावर जुन्या बोटींतील उतारू पैजा लावीत. आतां आकाशांतील उपग्रह बोटीचें स्थान क्षणोक्षणीं सांगतात. तरीहि माध्यान्हींची ती घोषणा टिकून आहे, कारण जेथें खूण म्हणून एक झाड नाहीं, एक दगड नाहीं, तेथें आपण कोठें आहों हें ऐकण्याची भूक माणसास लागतेच.

दुपारच्या चहाच्या वेळीं मोठ्या दिवाणखान्यांत वाद्यवृंद मंद सुरांत वाजत असतो, आणि पांढरे हातमोजे घातलेले स्टुअर्ड किटल्या घेऊन ओळीनें आंत येतात. बाहेर अटलांटिकच्या लाटा दोन-तीन पुरुष उंच असतात, आणि आंत कपांतील चहा फारसा हिंदकळत नाहीं. ही किमया काय आहे? बोटीच्या हालचाली मुख्यतः दोन: कुशीवर डोलणें, आणि नाळ व पिच्छाडी आळीपाळीनें वर-खालीं होणें. पैकीं डोलण्यावर इलाज निघाला आहे. पाण्याखालीं बोटीच्या दोन्ही अंगांस माशाच्या परांसारखीं पोलादी पातीं असतात. या बोटीस अशीं चार आहेत. बोट उजवीकडे कलूं लागली कीं उजवें पातें असें तिरपें होतें कीं धांवत्या पाण्याचा दाब त्याला वर उचलतो, आणि डावें पातें उलट तिरपें होऊन ती बाजू खालीं ओढतो. पक्षी पंखांनीं तोल सांवरतो तसेंच हें. १९३६ सालीं ‘आइल ऑफ सार्क’ या लहान ब्रिटिश बोटीवर हीं पातीं बसविलीं गेलीं, व तेथून त्यांचा प्रसार झाला. परंतु त्यांस दोन मर्यादा आहेत. बोट चालती असेल तरच तीं उपयोगी, कारण पाणी धांवत नसेल तर दाब कोठला? आणि नाळेचें वर-खालीं होणें त्यांस थांबवितां येत नाहीं. यास्तव कांहीं उतारूंना बोट लागतेच. कानाच्या आंतील द्रव शरीर हलत असल्याचें सांगतो, आणि खोलीच्या भिंती पाहणारे डोळे तें स्थिर असल्याचें सांगतात. या दोन साक्षींचा मेळ न बसल्यानें मळमळ सुरू होते. म्हणून अशा वेळीं मोकळ्यावर येऊन क्षितिजाकडे दृष्टि लावावी, अगर बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर जाऊन पडावें. तेथें हेलकावा सर्वांत कमी असतो.

चहाच्या पाण्याचीहि एक कथा आहे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तें पिणाराची तहान उलट वाढते. पूर्वींच्या शिडाच्या गलबतांवर पिंपांतून पाणी भरून नेत, तें आठवड्यांनीं नासे, आणि चहूंकडे पाणी असून माणूस पाण्यासाठीं तळमळे. ‘क्वीन मेरी २’ वर सरासरीनें रोज सुमारें १,१०० टन गोडें पाणी बोटीवरच तयार होतें. एंजिनांची जी उष्णता एरवीं वायां गेली असती तिच्यावर समुद्राचें पाणी तापवितात. भांड्यांतील हवेचा दाब कमी केला कीं पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ आधींच उकळतें. डोंगरमाथ्यावर भात शिजावयास वेळ लागतो त्याचें कारणहि हेंच. ती वाफ थंड केली कीं निर्मळ पाणी मिळतें आणि मीठ मागें राहतें.

या सर्वांच्या मुळाशीं बोटीची शक्ति. चार डीझेल एंजिनें व दोन वायुचक्रें मिळून वीज निर्माण करतात. त्याच विजेवर दिवे, चुली, थंड हवा, आणि बोट पुढें ढकलणारे चार पंखेहि चालतात. हे पंखे बोटीच्या तळाखालीं टांगलेल्या चार मोठ्या गोळ्यांत बसविलेले आहेत. पैकीं दोन गोळे स्वतःभोंवतीं फिरूं शकतात, आणि म्हणून या प्रचंड बोटीस निराळें सुकाणू नाहीं. ज्या युगांत सुकाणू म्हणजेच बोटीचा प्राण असें समजत, त्या युगांतील एखादा तांडेल हें ऐकून थक्क झाला असता.

संध्याकाळीं उतारू ठेवणींतले कपडे करून जेवावयास येतात. चार हजार माणसांचीं तीन वेळचीं पानें धरलीं तर दिवसाचीं बारा हजार होतात. वाटेंत बाजार नाहीं, शेजारीण नाहीं कीं विरजण मागून आणावें. सात दिवसांचें सर्व धान्य, भाजी, मांस, फळें बंदर सोडण्यापूर्वींच मोजून भरावें लागतें. एक जिन्नस विसरला तर तो न्यूयॉर्कपर्यंत विसरलेलाच राहतो. जेवणानंतर नाच-गाणें होतें, आणि मध्यरात्रीं घड्याळांचे कांटे पुन्हां एक तास मागें सरकतात.

येथपर्यंतचें चित्र उतारूच्या खुर्चींतून दिसणारें झालें. परंतु एका माणसाच्या रिकाम्या दिवसासाठीं दुसऱ्या माणसाचा भरलेला दिवस खर्ची पडतो, हा हिशेब बोटीवर जितका उघड दिसतो तितका क्वचित् अन्यत्र दिसत असेल. ‘क्वीन मेरी २’ वर दोन उतारूंमागें जवळजवळ एक नोकर आहे. त्याची खोली पाण्याच्या रेघेच्या आसपास असते, बहुधा दुसऱ्याशीं वांटून घेतलेली. सहा-सहा, आठ-आठ महिने तो घर सोडून असतो, आणि त्या महिन्यांत रविवार म्हणून मोकळा दिवस त्याच्या वांट्यास सहसा येत नाहीं.

या कष्टकऱ्यांशीं आपल्या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या विलायती बोटींवर जेवणघरांत वाढणारे व खोल्या आवरणारे नोकर पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकांतले असत. डेकवर रत्नागिरीकडचे कोंकणी मुसलमान खलाशी सारंग, तांडेल, सुकाणी, कसब अशा हुद्द्यांवर काम करीत. खालीं भट्टीजवळ कोळसा टाकणारांस आगवाले म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्यानें युरोपीय खलाशास निजावयास ७२ घनफूट जागा द्यावी लागे, आणि हिंदी खलाशास ३६ घनफूट. जणूं हिंदी माणूस निम्माच असतो! गोव्याचे हे तारवटी मुंबईस बोटीची वाट पाहत, तेव्हां धोबीतलाव-माझगांवकडील आपापल्या गांवच्या ‘कुडां’त उतरत. भिंतीशीं प्रत्येकाची एक पेटी, संध्याकाळीं सर्वांची मिळून प्रार्थना, आणि भाडें अगदीं नांवाला. त्या पेट्यांतून निघालेल्या पैशावर गोव्यांतील कित्येक घरांचीं छपरें शाकारलीं गेलीं व मुलें शाळेंत गेलीं. आजहि गोवा, कोंकण व मुंबई येथील तरुण विहारनौकांवर नोकरीस जातात. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें जगांतील विहारनौका थांबल्या. उतारूंस जमेल तेथें उतरवून घरीं पोंचविण्यांत आलें. परंतु हजारों नोकर आठवडेच्या आठवडे, कोणी तर महिनेच्या महिने, बोटीवरच अडकून पडले. बंदरें त्यांस घेईनात, आणि घर दिसत असून जातां येईना. ज्यांनीं इतरांचे समुद्राचे दिवस सुखाचे केले, त्यांच्या वांट्यास असे समुद्राचे दिवस आले, आणि इकडे गांवोगांवच्या घरांतून आया टेलिफोनकडे डोळे लावून बसल्या.

या स्थितींत कांहीं सुधारणा झाली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. २००६ सालीं जिनीव्हा येथें सागरी कामगारांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१३ च्या ऑगस्टपासून तो अमलांत आला. भारतानें २०१५ सालीं त्यास मान्यता दिली. कामाचे तास विश्रांतीच्या हिशेबानें मोजणाऱ्या देशांत, या करारानुसार, कोणत्याहि चोवीस तासांत निदान दहा तास व सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांति मिळाली पाहिजे. ती दोनांहून अधिक तुकड्यांत तोडतां येत नाहीं, आणि त्यांपैकीं एक तुकडा सहा तासांहून कमी असतां कामा नये. हिशेब उलटा मांडला तर आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम घेण्यास अजून वाव राहतोच. शहरांतील कारकुनास हा आंकडा ऐकून घाम फुटेल. तरीहि ज्या धंद्यांत पूर्वीं मर्यादाच नव्हती, तेथें मर्यादा आली हें थोडें नव्हे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. सकाळीं डेकवर फिरणारा उतारू मान वर करील तर त्याला डोक्यावर टांगलेल्या जीवरक्षक होड्यांची रांग दिसेल. त्या होड्यांचा इतिहास याच मार्गावर लिहिला गेला. १९१२ च्या एप्रिलांतील १४-१५ तारखेच्या रात्रीं ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाली. बोटीवर सुमारें २,२०० माणसें होतीं आणि होड्यांत जागा होती १,१७८ जणांस. पंधराशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर १९१४ सालीं जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. मुंबईकरांस यासाठीं अटलांटिकपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक जीव बुडाले; तें दुःख कोंकणांतील घराघरांतून पुष्कळ वर्षें सांगितलें जात असे. आणि माणूस विसरतो म्हणून समुद्र पुन्हां आठवण देतो. १३ जानेवारी २०१२ रोजीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही विहारनौका इटलीच्या किनाऱ्यालगत खडकावर आपटली व ३२ माणसें मेलीं. त्याच दिवशीं चढलेल्या उतारूंना संकटसमयीं कोठें जमावें याची तालीम दिलेली नव्हती, कारण त्या वेळचा नियम ती चोवीस तासांत द्यावी असा होता. पुढें नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून ही तालीम बोट सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच देणें बंधनकारक झालें. उतारूंस ती कटकट वाटते. परंतु त्या थोड्या वेळाच्या कटकटीवर पुढील सात दिवसांचा निवांतपणा उभा असतो.

समुद्राचेंहि कांहीं देणें आहे. चार हजारांच्या गांवाचा केरकचरा, सांडपाणी व धूर रोज कोठें तरी जाणारच. पूर्वीं सर्व कांहीं पाण्यांत लोटून देत. १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय नियमानें प्लॅस्टिक समुद्रांत टाकण्यास बंदी झाली, आणि १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनांतील गंधकाचें प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणण्यांत आलें. तथापि इतकें मोठें धूड केवळ करमणुकीसाठीं पाण्यावरून ढकलीत नेण्यांत जें तेल जळतें, त्याचा विचार हौशी माणसानें स्वतःशीं केल्यावांचून राहूं नये.

असो. शेवटीं त्या फुकटच्या तासाकडे परत येणें योग्य होईल. न्यूयॉर्कला उतरणाऱ्या उतारूच्या खात्यांत पांच तास जमा होतात व तो खुषींत घरीं जातो. बोट मात्र तेथें थांबत नाहीं. ती पुन्हां पूर्वेकडे वळते, आणि आतां दिवस तेवीस तासांचे होतात. अलीकडे परतीच्या वाटेवर दुपारीं बाराला कांटा एकदम एकावर नेतात, म्हणजे उतारूची झोंप कापली जात नाहीं. नवे उतारू हंसून घड्याळ लावतात. बोटीवरील नोकराला मात्र दोन्ही दिवस ठाऊक असतात. त्यास मिळालेला प्रत्येक तास परत करावा लागतो, आणि साउदॅम्प्टनला त्याचा जमाखर्च बरोबर शून्यावर येतो.

समुद्राच्या दिवसाचें सुख खोटें आहे असें यावरून कोणी समजूं नये. ज्या जगांत प्रत्येकास कोठें तरी लवकर पोंचावयाचें आहे, तेथें एक दिवस कोठेंच न पोंचतां क्षितिजाकडे पाहत बसणें ही मोठी विश्रांति आहे, आणि ती घेणाराचा हेवा करण्याचें कारण नाहीं. फक्त चहाचा पेला हातीं घेतांना त्यानें पेला देणाराचें नांव विचारावें, गांव विचारावें. तें गांव कदाचित् सासष्टींत असेल, कदाचित् रत्नागिरीस. नांव विचारावयास एक मिनिटहि लागत नाहीं. आणि पंचवीस तासांच्या दिवसांत तेवढी सवड कोणासहि असते.